गोल्फ बुकिंगच्या नावाखाली गंडा: पाहुण्यांना मुंबईत खेळायला नेणार असाल तर आधी हे वाचा

‘मुंबईतले तीन गोल्फ कोर्स, तीन सकाळी, सगळी व्यवस्था आमची’ असं पॅकेज कुणी विकत असेल, तर त्याला एकच विचारा: मेंबर कोण? नाव सांग आणि त्यांच्याशी फोनवर बोलणं करून दे. उत्तरात आढेवेढे आले की फोन ठेवा. आम्हाला हा प्रश्न क्लबच्या गेटवर विचारला गेला, तोवर ३४,५०० रुपये गेले होते.

माझे दीर सिंगापूरला असतात. भाचीच्या लग्नासाठी आले होते, मुक्काम अगदी थोडा. गोल्फचं भयंकर वेड. ‘वहिनी, लग्नघरात सकाळी तसंही माझं काही काम नसतं. कुठे कुठे खेळता येईल तेवढं बघून ठेवा,’ असं त्यांनी निघायच्या आधीच फोनवर सांगितलं होतं. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. चेंबूरला राहते, गिडवानी रोडवरून जाताना क्लब दिसतो, इतकाच काय तो संबंध. भाऊजींनी मात्र घरबसल्या यादी तयार केली होती: चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, ताडदेवचा विलिंग्डन आणि कुलाब्याचा यूएस क्लब. तिन्ही ठिकाणी एकेक राउंड.

यादी वाचायला छान आहे. पण सिंगापूरहून येणाऱ्याला काय, मुंबईत जन्म काढलेल्यालाही हे चटकन लक्षात येत नाही की ही तिन्ही नावं हॉटेलासारखी बुक करायची नाहीतच. बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ पासूनचा क्लब, १८ होल, पार ७० (म्हणजे पूर्ण फेरी ७० फटक्यांत व्हावी असा), आणि सभासदांचा. विलिंग्डन त्याहून जुना. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास काढला, तोही गोऱ्यांबरोबर हिंदी माणसांनाही सभासद होता यावं म्हणून. हाजी अलीच्या हाकेच्या अंतरावर एवढी हिरवळ आहे हे बाहेरून कुणाला खरंही वाटणार नाही. आज तिथलं सभासदत्व नव्याने मिळणं जवळपास अशक्यच समजतात. यूएस क्लब म्हणजे युनायटेड सर्व्हिसेस क्लब, कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या हद्दीत, समुद्राला लागून. नावातच सर्व्हिसेस आहे, म्हणजे सेनादलांची माणसं आणि त्यांचे नियम. थोडक्यात, कुठला कोर्स आवडतो हा प्रश्न इथे नंतर येतो. आधी प्रश्न असतो, कुणाच्या ओळखीने आत जाणार?

नेमक्या याच फटीत पॅकेज विकणारा भामटा बसलेला आहे. क्लब थेट बुकिंग घेत नाहीत, पाहुण्याकडे वेळ नाही, आणि यजमानाला पाहुण्याला नाही म्हणवत नाही.

मी नेटवर मुंबई, गोल्फ, टी-टाइम (म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) असं शोधलं, तर सगळ्यात वर एक पान आलं. हिरवेगार फोटो, तिन्ही क्लबांची नावं, खाली व्हॉट्सअॅपचा नंबर. मेसेज टाकला आणि दोन मिनिटांत फोन. बोलणं अस्सल मराठी, आवाजात अदब. ‘ताई, काळजीच सोडा, रोजचं काम आहे आपलं.’ आणि मग त्याने जे प्रश्न विचारले ते ऐकून कुणीही विश्वास ठेवला असता. साहेब उजव्या हाताने खेळतात की डाव्या? हॅन्डिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, किती? स्वतःची किट आणणार की भाड्याने लागेल? शूज सॉफ्ट स्पाइकचेच आणायला सांगा, मेटलचे चालत नाहीत. टीशर्ट कॉलरवाला हवा, जीन्स नको. मी एकेक प्रश्न भाऊजींना विचारून उत्तरं कळवत होते आणि पलीकडून भाऊजी खूश, ‘वा, माणूस जाणकार दिसतोय!’

जाणकार होताच, पण अर्धवट. आता मागे वळून त्याचं वेळापत्रक बघितलं की दोन गोष्टी टोचतात, आणि दोन्ही तुमच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली, त्याने विलिंग्डनचा राउंड सोमवारी टाकला होता. गोल्फ क्लबांत सोमवार हा बहुधा कोर्सच्या देखभालीचा दिवस असतो. गवत कापणं, ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीची, डागडुजी त्या दिवशी चालते. रोज टी-टाइम बुक करणारा माणूस पाहुण्याला सोमवार देताना दहादा विचार करेल. तुम्ही ज्या क्लबला जाणार त्याचा बंदीचा वार कोणता, हे क्लबच्या ऑफिसला लँडलाइनवर फोन करून विचारता येतं. एवढी माहिती ते कुणालाही देतात.

दुसरी, यूएस क्लब. भाऊजींनी आता तिकडचं नागरिकत्व घेतलंय. परदेशी पासपोर्टवाल्याला संरक्षण खात्याच्या हद्दीत शिरायचं तर आधी रीतसर परवानगी लागते आणि ती कुणा एजंटच्या खिशात नसते. हा बाबा म्हणाला, ‘नेव्हीत आपला माणूस आहे. फक्त पासपोर्टचा फोटो पाठवा, पुढचं पान आणि मागचं.’ पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण पासपोर्टची स्वच्छ, कोरी प्रत एका भामट्याच्या फोनमध्ये पडून आहे, ही धास्ती जास्त. ओळखपत्राची प्रत द्यायचीच वेळ आली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. आधार द्यायचं असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पैशांचं त्याने कसं केलं ते नीट सांगते, कारण पद्धत तीच असते, फक्त वस्तू बदलते. आधी २,५०० रुपये ‘गेस्ट रजिस्ट्रेशन’. ते भरल्यावर लगेच पीडीएफ आली. तीन क्लबांची बोधचिन्हं, भाऊजींचं पूर्ण नाव, पहिल्या सकाळचा टी-ऑफ (पहिला फटका) ६.४०, कॅडी (किट उचलणारा मदतनीस) समाविष्ट, खाली ‘इंट्रोड्यूस्ड बाय मेंबर’ आणि पुढे फक्त एक नंबर. नाव नाही, नुसता नंबर. लग्नपत्रिका छापून आल्यासारखी ती पीडीएफ घरभर फिरली. मग २२,००० रुपये, तिन्ही ठिकाणची ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचं शुल्क, आणि कॅडी मिळून. मग आदल्या संध्याकाळी, हळदीच्या गडबडीत, घरात पन्नास माणसं, फोन आला: ‘ताई, क्लबने ऐनवेळी डिपॉझिट मागितलंय, १०,०००. राउंड झाला की परत मिळतील. आत्ता नाही भरले तर तिन्ही स्लॉट जातील.’ एका हाताला हळद, दुसऱ्या हाताने यूपीआय.

पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. ते कुठल्याशा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं होतं. विचारलं तर म्हणाला, अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीचा घोळ नको म्हणून. आता हे नाव बघणं ही औपचारिकता राहिलेली नाही. यूपीआयवर समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवलं पाहिजे, असा नियम २०२५ मध्ये झालाय. क्लबची फी क्लबच्याच नावाच्या खात्यात जाते. पाहुण्याचं बिल तर बहुतेक क्लबांत मेंबरच्या नावावर पडतं, कारण आत रोख चालतच नाही. म्हणजे पाहुण्याने आगाऊ पैसे कुणा तिसऱ्याच्या खात्यात टाकण्याचा प्रसंगच येऊ नये.

सकाळी नवरा भाऊजींना घेऊन चेंबूरच्या क्लबला गेला. उजाडायचं होतं. गेटवरच्या माणसाने रजिस्टर उघडलं, पानावर वरून खाली बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. पीडीएफ दाखवली. त्याने ती वाचलीसुद्धा नाही. ‘साहेब, मेंबर कोण? ते आलेत का? नाव सांगा, मी विचारतो.’ अतिशय सभ्यपणे. भाऊजी किट खांद्याला लावून उभे, मागे मेंबरांच्या गाड्या एकेक करून आत जाताहेत, आणि नवरा त्या नंबरवर फोन लावतोय. रिंग जात होती. मग जायची थांबली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण भामट्याचा दुसरा हप्ता बाकी होता. दुपारी, आम्ही मंगल कार्यालयात, त्याचाच मेसेज वेगळ्या नंबरवरून: क्लबकडून चूक झाली, दिलगीर आहोत, पूर्ण रक्कम परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि ‘रिसीव्ह’साठी पिन टाका. माझा अकरावीतला मुलगा शेजारी बसला होता. तो मोठ्याने ओरडला म्हणून वाचलो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन टाकला की पैसे जातातच, स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो. यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे हल्ली ही मंडळी क्यूआरवर जास्त भर देतात, असं मला पोलीस ठाण्यातही सांगितलं.

मंगल कार्यालयातूनच १९३० ला फोन केला. हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांना पाठ हवा. ते पहिल्यांदा विचारतात तो प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्यावर येतो तो बारा आकडी क्रमांक. तो हाताशी असला की तक्रार पटकन चढते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथेच गोठवायचा प्रयत्न होतो. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. आमच्या बाबतीत शेवटचे १०,००० सापडले, अडकवून ठेवलेत. आधीचे दोन्ही हप्ते केव्हाच पुढे गेले होते. अडकलेली रक्कमही लगेच हातात येत नाही, बँक आपणहून देत नाही. पोलीस ठाण्यात तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली गेली, जुन्या ४२० च्या जागी आलेलं हेच कलम. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवल्याचं. चॅट मी डिलीट केलं नव्हतं, ते कामी आलं. रागाच्या भरात ब्लॉक करून सगळं पुसून टाकू नका. आधी स्क्रीनशॉट.

आता भाऊजींच्या खेळाचं. ते शेवटी खेळले, आणि एजंटशिवाय. खारघरला सिडकोचा गोल्फ कोर्स आहे, खारघर व्हॅली, पांडवकड्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. सुरू झाला तेव्हा ११ होलचा होता. तिथे मेंबर शोधावा लागत नाही, कुणीही जाऊन ग्रीन फी भरून खेळू शकतं. फोन करून वेळ विचारली, काउंटरवर पैसे भरले, पावती घेतली. सायन-पनवेल रस्त्याने पहाटे निघालात तर वाशीचा पूल कधी मागे पडला कळतही नाही. भाऊजींचं मत: कोर्सला चढउतार आहेत, मजा आली, समोर डोंगर असा की चेंडूवर लक्ष राहत नाही. मुक्काम दोन-चार दिवसांचा असेल तर माझ्या मते यादीत पहिलं नाव हेच ठेवा. पावसाळ्यात मात्र कुठेही निघण्याआधी कोर्स चालू आहे का ते विचारा, जून ते सप्टेंबर मुंबईच्या हिरवळीचा भरवसा नाही.

चेंबूर किंवा विलिंग्डनच हवा असेल तर सरळ मार्ग दोन. खरा मेंबर, म्हणजे ओळखीतला, जो तुमच्यासोबत येईल किंवा क्लबला स्वतः कळवेल. नाहीतर पाहुण्याचा स्वतःचा क्लब. अनेक क्लबांचे परदेशातल्या, परगावच्या क्लबांशी संलग्न संबंध असतात. पाहुण्याने निघण्यापूर्वी आपल्या क्लबच्या सेक्रेटरीकडे विचारायचं, मुंबईत कुणाशी करार आहे, आणि ओळखपत्र घेऊन यायचं. भाऊजींनी हे विचारलंच नव्हतं, कारण पॅकेज झालेलं होतं. परदेशी पाहुण्यांची ग्रीन फीही बऱ्याच ठिकाणी वेगळी, चढी असते. तोही आकडा क्लबच्या ऑफिसातूनच घ्यावा.

पुण्याचा मोह याच माणसाने दाखवला होता, ‘ऑक्सफर्ड आणि पूना क्लब, जाऊन-येऊन गाडीसकट.’ दोन्ही कोर्स खरे, एक बावधनला, एक येरवड्याला. पण लग्नाला आलेल्या माणसाने एक्स्प्रेस वे गाठून, अठरा होल खेळून, संध्याकाळी सीमांतपूजनाला परत हजर व्हायचं हे मला तरी झेपलं नसतं, म्हणून तेवढे पैसे वाचले.

नेटवरचं ते पान आता दिसत नाही. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने वेगळ्याच नावाची जाहिरात टाकली, ‘एनआरआय पाहुण्यांसाठी प्रीमियम गोल्फ’. फोटो तेच, टी-ऑफ ६.४० वाली पीडीएफही तीच, फक्त पाहुण्याचं नाव खोडलेलं. मी तो नंबर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’वर, म्हणजे संशयित कॉल-मेसेज कळवायच्या सोयीवर, टाकलाय आणि तपास अधिकाऱ्यांना पाठवलाय. तुमच्याकडे ती जाहिरात आली असेल तर पुढे ढकलू नका, नंबरासकट स्क्रीनशॉट काढून तुम्हीही चक्षूवर टाका.