स्थानिक किंमत शिकवायला काय घ्यावं: काड्या, ठोकळे, मणीपाटी की कार्डं?

दुसरीतल्या मुलासमोर १६ मणी ठेवा, शेजारी १६ लिहा. ६ वर बोट ठेवून तेवढे मणी दाखवायला सांगा, ते बिनचूक दाखवेल. आता १ वर बोट ठेवा. बरीच मुलं एकच मणी उचलतात आणि उरलेल्या नऊ मण्यांचं काय, हा प्रश्न त्यांना पडतही नाही. साधन निवडताना मी आधी हे बघते की ही गाठ त्यानं सुटते का.

काड्या आणि रबरबँड इथे सरस ठरतात, कारण दशक मूल स्वतः बांधतं. दहा मोजून गठ्ठा केला की तो एक दशकही असतो आणि दहा सुट्या काड्याही. ३२ मधून ७ वजा करताना रबर काढलं की दशक सुटा होतो. ‘उसने घेणे’ हे वेगळं समजवावं लागत नाही. शंभरापुढे मात्र पसारा आवरत नाही.

तिथून ठोकळे. सुटा, दहाचा दांडा, शंभराची पाटी, हजाराचा घन. २४३ फक्त नऊ नगांत मांडता येतात आणि पाटी दांड्याच्या दहापट आहे हे डोळ्यांना दिसतं. पण दांडा मोडता येत नाही, बदलून घ्यावा लागतो. गठ्ठे न बांधलेलं मूल ही अदलाबदल निव्वळ शिक्षकांच्या शब्दावर करतं. हे ठोकळे शाळांत रुजवणारे गणितज्ञ झोल्टान डिएनेश यांचाही आग्रह होता की एकच कल्पना मुलांना वेगवेगळ्या साधनांतून भेटावी. ठोकळ्यांचा संच विकत घेताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

मणीपाटी दिसते सोपी, आहे अवघड. सगळे मणी सारखेच. किंमत फक्त जागेवरून ठरते. म्हणजे जे शिकवायचं, तेच आधी माहीत हवं! म्हणून ती शेवटी. ३०५ मधलं शून्य दाखवायला मात्र रिकाम्या तारेइतकं चांगलं काही नाही.

‘तीनशे सेहेचाळीस’ ऐकून मूल ३००४६ लिहीत असेल, किंवा सत्तावीसचे ७२ करत असेल, तर ३००, ४० आणि ६ अशी एकावर एक बसणारी कार्डं करा. पुठ्ठ्याची घरी होतात. त्यांतून लेखन सुधारतं, संख्येचा आकार कळत नाही.

एकच साधन घ्यायचं असेल तर काड्या. तीन अंकी संख्या सुरू होईपर्यंत ठोकळ्यांवर खर्च करू नका.