युरोपियन युनियनचं सह्यांचं पोर्टल: पोच चोख, उत्तराचा भरवसा नाही

युरोपियन युनियनच्या नागरिकांना 'अमुक विषयावर कायदा करा' असं थेट कमिशनला (कायद्यांचे प्रस्ताव मांडणाऱ्या युनियनच्या कार्यकारी मंडळाला) सांगता यावं म्हणून 2012 पासून एक सोय आहे, युरोपियन सिटिझन्स इनिशिएटिव्ह, म्हणजे नागरिकांचा पुढाकार. तिचं सह्या गोळा करणारं सरकारी पोर्टल मी जुलै 2025 मध्ये वापरलं, त्याबद्दल हे. फुकट आहे, युनियनच्या सगळ्या 24 भाषांत आहे. जर्मनीत, स्टुटगार्टात माझी इतकी वर्षं गेली, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते सोळा वर्षांच्या लेकानं, आणि तेही गेमपायी.

झालं असं, की 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा एक ऑनलाइन गेम कंपनीनं मार्च 2024 अखेर बंद केला. पैसे मोजून घेतलेला गेम, पण सर्व्हर बंद झाला की चालेनासा. त्यावरून युरोपभरच्या पोरांनी उचल खाल्ली आणि 'स्टॉप डिस्ट्रॉयिंग व्हिडिओगेम्स' नावाची मागणी रीतसर नोंदवली: कंपनीनं गेमचा सांभाळ सोडला तरी तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा. सह्यांची मुदत 31 जुलै 2025 होती. जर्मनीत युरोपियन निवडणुकीला मतदानाचं वय 16 झालंय, त्यामुळे ही सहीही 16 व्या वर्षी करता येते. चिरंजीवांनी आपली सही केली आणि मग माझ्या मागे लागले. मलाही मागणी पटली. विकत घेतलेली वस्तू विकणाऱ्यानं परत काढून घ्यायची, हा कुठला न्याय?

फॉर्म अगदी सुटसुटीत. आधी नागरिकत्व विचारतात, कारण प्रत्येक देशाची माहितीची मागणी वेगळी. जर्मन नागरिकाला नाव, जन्मतारीख आणि राहता पत्ता एवढंच पुरतं. इटली, स्पेन, पोलंडवाल्यांना ओळखपत्राचा नंबरही द्यावा लागतो. ई-ओळखपत्र असेल तर त्यावरूनही सही होते. शेवटी एक सही-क्रमांक मिळतो. तहसील कचेरीत निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय आमच्या घरातलं कोणी बाहेर पडत नसे, त्यामुळे पोच मिळाली की मला बरं वाटतं.

खरी गंमत मात्र देशवार तक्त्यात आहे. मागणी कमिशनपुढे जायला दहा लाख सह्या लागतात, पण नुसत्या तेवढ्या चालत नाहीत; किमान सात देशांनी आपापला किमान आकडा गाठावा लागतो. हा आकडा म्हणजे त्या देशाचे खासदार गुणिले युरोपियन पार्लमेंटचे एकूण 720 खासदार. जर्मनीचे 96, म्हणून 69,120. माल्टाचे 6, म्हणून 4,320. लेक रोज संध्याकाळी हा तक्ता उघडून बसायचा, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा. फिनलंड, पोलंड कधीच पुढे गेले होते. ज्या पोराला युरोपियन पार्लमेंट म्हणजे शाळेच्या सहलीचं ठिकाण वाटायचं, तो कुठल्या देशात जोर कमी पडतोय याचा हिशेब मांडू लागला. ऑफिसात कोणत्याही नियमाचं खापर 'ब्रुसेलवाल्यां'वर, म्हणजे युनियनच्या कारभाऱ्यांवर, फोडणारे माझे सहकारी मी रोज ऐकते. त्यांच्यापैकी कोणी हा तक्ता पाहिला असेल असं वाटत नाही.

सात देशांची अट मला आवडली. पाण्याच्या खाजगीकरणाविरुद्धचा 'राइट टू वॉटर' हा दहा लाख पार करणारा पहिला पुढाकार. त्याच्या साडेसोळा लाख ग्राह्य सह्यांपैकी सुमारे बारा लाख एकट्या जर्मनीच्या होत्या. नुसत्या आकड्यावर भागलं असतं तर मोठ्या देशानं आपलं गाऱ्हाणं युरोपच्या नावावर खपवलं असतं. इथं दुसऱ्या देशातल्या माणसांना पटवावंच लागतं.

सह्या झाल्यावर काय? प्रत्येक देश आपापल्या सह्या तपासतो. मग मागणी कमिशनकडे जाते, पार्लमेंटमध्ये जाहीर सुनावणी होते आणि सहा महिन्यांत कमिशनला लेखी उत्तर द्यावं लागतं. उत्तर द्यावं लागतं, कायदा आणावा लागत नाही. सगळी मेख इथं आहे.

पाणीवाल्यांचं थोडंफार साधलं: कंत्राटांच्या कायद्यातून पाणी वगळलं गेलं, आणि 2020 च्या पिण्याच्या पाण्याच्या नव्या कायद्यात वंचितांपर्यंत पाणी पोचवण्याचं कलम आलं. सह्या जमल्यापासून सात वर्षांनी. पिंजऱ्यातल्या कोंबड्या-डुकरांसाठीच्या 'एंड द केज एज'ला सुमारे चौदा लाख सह्या मिळाल्या. कमिशननं जून 2021 मध्ये चक्क हो म्हटलं, 2023 अखेर प्रस्ताव आणतो म्हणून तारीखही दिली. 2023 संपलं, प्रस्ताव आला नाही, आणि 2024 मध्ये ती मंडळी युरोपियन कोर्टात गेली. अमेरिकेशी व्यापार कराराविरुद्धच्या 'स्टॉप टीटिप'ची तर कमिशननं 2014 मध्ये नोंदणीच नाकारली. लोकांनी स्वतःच तीस लाखांवर सह्या जमवल्या, आणि 2017 मध्ये कोर्टानं ती नकारघंटा चुकीची ठरवली. तोवर त्या कराराच्या वाटाघाटीच थंडावल्या होत्या.

आजवर शंभराहून जास्त पुढाकार नोंदले गेलेत. 2025 च्या मध्यापर्यंत दहा लाखांची वेस ओलांडून उत्तरापर्यंत पोचले होते ते दहाच्या आसपास. नाही म्हणायला माझी हरकत नाही. दहा लाख लोक मागतात म्हणून प्रत्येक गोष्ट द्यायची म्हटलं तर निवडून दिलेल्या पार्लमेंटचं काम काय? पण तारीख देऊन गप्प बसणं हे नकारापेक्षा वाईट. नकार आला की माणूस भांडतो तरी. नुसतं टांगून ठेवलं की पुढच्या वेळी सही करायला येतच नाही. ब्रुसेलवर लोकांचा विश्वास बसावा म्हणूनच तर हे दुकान मांडलंय.

जुलै 2025 अखेर मुदत संपल्यावर गेमवाल्यांच्या चौदा लाखांच्या आसपासच्या सह्या देशोदेशी तपासायला गेल्या. कमिशनचं उत्तर हाती नसताना दिलेले हे तारे तात्पुरते: फॉर्मला पाचपैकी साडेचार, देशवार तक्त्याला पाच, पाठपुराव्याला दोन. उत्तर आलं की दुरुस्त करीन.

आपल्या मंडळींसाठी: भारतीय पासपोर्ट असेल तर ही सही करता येत नाही, इथं कितीही वर्षं कर भरलेला असो. मला ती जर्मन पासपोर्टनंतरच करता आली, आणि ही अट मला पटत नाही. तुमच्यासाठी वेगळी खिडकी आहे: युरोपियन पार्लमेंटच्या याचिका समितीकडे युनियनमध्ये राहणारा कोणीही अर्ज करू शकतो, नागरिकत्व कुठलंही असो, एकट्यानं केला तरी चालतो. विषय युनियनच्या अखत्यारीतला आणि तुमच्याशी थेट संबंध असलेला हवा. तिथंही भाषा त्याच चोवीस, तेव्हा मराठीत लिहून पाठवू नका.