पदवी की टॅली? मिरकरवाड्यातून बाहेर पडायचं तर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या मासळी व्यापाऱ्याकडे बिलं लिहून कंटाळलेल्या बारावी पास माणसापुढे साधारण दोन वाटा असतात. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. करायची, नाहीतर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जीएसटीचं काम शिकून घ्यायचं.

पदवीला किमान तीन वर्षं. सरकारी किंवा बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर तिला पर्याय नाही, तिथे पदवीशिवाय बरीच दारं उघडतच नाहीत. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

टॅलीचं गणित वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे धक्क्यावर सामसूम आणि आपल्याला संध्याकाळ मोकळी. तेवढ्यात व्हाउचर नोंदी, बँक ताळमेळ हाताखालून जातात. पण नुसतं सर्टिफिकेट दाखवून चिपळूण-लोट्याच्या औद्योगिक पट्ट्यात कोणी भुलत नाही. बायोडेटात ‘कार्यालयीन कामकाज पाहिले’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘मासिक जीएसटीआर-१ ची (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र) माहिती ११ तारखेआधी तयार करतो’ असं लिहा, अर्थात खरोखर करत असाल तरच. मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो. आणि हो, ‘कोकणचा राजा’ छापाचा ईमेल आयडी आधी बदला!

माझं मत टॅलीच्या बाजूने. वय पंचविशीच्या आत असेल आणि घरचा भार नसेल, तर मात्र पदवीचा अर्जही सोबत भरून टाका.