खाडीतील जड धातूंवर लक्ष ठेवण्यासाठी कालवे निवडावीत की शिणाणे?

कोकणातील एखाद्या खाडीत शिसे, कॅडमियम, तांबे किंवा पारा यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे ठरले, की कोणता प्राणी तपासायचा हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. थेट पाणी तपासणे सोपे वाटते. पण त्यात विरघळलेला धातू बहुधा लिटरमागे काही मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतो, भरती-ओहोटीबरोबर त्याचे प्रमाण बदलत राहते आणि नमुन्याच्या बाटलीला लागलेला अंशही मोजमाप बिघडवतो. खडकाला चिकटून राहणारा शिंपलावर्गीय प्राणी दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळतो व कित्येक आठवड्यांचा हिशेब आपल्या मांसात साठवतो. याच गुणावर विसंबून समुद्र-रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये ‘मसल वॉच’ची, म्हणजे शिंपल्यांवरून प्रदूषणावर लक्ष ठेवण्याची, कल्पना मांडली आणि अमेरिकेत १९८६ पासून तिच्यावर आधारित राष्ट्रीय कार्यक्रम चालू झाला.

आपल्याकडे खरी निवड दोघांत आहे: खडकांवरची कालवे (ऑयस्टर) आणि हिरवे शिंपले (मसल), म्हणजेच शिणाणे. ‘दोन्ही पाणी गाळतात, तेव्हा कोणतेही चालतील’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. कालवे तांबे आणि जस्त प्रचंड प्रमाणात साठवतात. तांबे फारच वाढले की त्यांचे मांस हिरवट दिसू लागते, आणि १९८६ मध्ये तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर हिरव्या कालवांचे जे प्रकरण गाजले त्याचे कारण हेच होते. शिणाण्यांचे शरीर मात्र जस्ताची पातळी बऱ्याच अंशी स्वतःच आवरून धरते, त्यामुळे पाण्यातील जस्त वाढूनही मांसातील आकडा फारसा हलत नाही आणि आपली फसगत होते. उलट शिसे व क्रोमियम यांच्या बाबतीत शिणाण्यांच्या जातकुळीतील शिंपल्यांची साठवण कालवांपेक्षा जास्त असल्याचे अमेरिकी कार्यक्रमात आढळले आहे. म्हणून धातुमुलामा देणाऱ्या कारखान्यांचे तांबे-जस्त हा चिंतेचा विषय असेल तर कालवे घ्यावीत, शिशाचा संशय असेल तर शिणाणे घ्यावेत. एका ठिकाणची कालवे आणि दुसऱ्या ठिकाणचे शिणाणे यांच्या आकड्यांची तुलना मात्र कधीही करू नये.

जागेचाही विचार हवा. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या भागातील खारटपणा एकदम उतरतो, तेव्हा शिणाणे तग धरीलच असे नाही. तेथे गोडे पाणी अधिक सोसणारी कालवे बरी. जेथे दोन्ही नाहीत, तेथे स्वच्छ जागेचे सारख्या आकाराचे शिंपले जाळीच्या पिंजऱ्यातून काही आठवडे टांगून ठेवता येतात. खर्च वाढतो, पण वय, आकार आणि काळ आपल्या हाती राहतात. जेटीच्या खांबांना चिकटून वाढणारे बार्नेकल हे छोटे कवचधारी प्राणी जस्त कणांच्या रूपाने इतके साठवतात, की सांडपाण्याच्या तोंडाजवळचा बारीक फरकही दाखवतात; मात्र त्यांचे इवलेसे मांस कवचातून काढणे अत्यंत कष्टाचे आहे.

मासे या कामासाठी मी शक्यतो टाळीन. ते फिरते असतात आणि त्यांच्या मांसातील तांबे-जस्त शरीर नियंत्रणात ठेवते. पाऱ्याची गोष्ट वेगळी: मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचे सेंद्रिय रूप, अन्नसाखळीत वर चढताना वाढत जातो, त्यामुळे पाऱ्यासाठी मोठे, मांसाहारी मासे तपासलेच पाहिजेत. जपानमध्ये १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या मिनामाताच्या आजाराने, म्हणजे पाऱ्याच्या विषबाधेने, मासे-शिंपले खाणाऱ्यांवर काय ओढवू शकते, हे जगाला दाखवले आहे.

प्राणी कोणताही निवडला तरी नमुने दरवेळी एकाच आकारगटाचे आणि एकाच हंगामातले असावेत, कारण अंडी सोडल्यावर मांसाचे वजन घटते आणि धातूचे प्रमाण उगीच वाढल्यासारखे दिसते. पोटातील गाळ निघून जावा म्हणून त्यांना एक-दोन दिवस स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवावे. प्रयोगशाळा आकडे सहसा कोरड्या वजनावर देते, तर खाण्याच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात. युरोपीय संघात शिंपलावर्गीय प्राण्यांसाठी त्या किलोमागे कॅडमियम १ मिलिग्रॅम आणि शिसे १.५ मिलिग्रॅम अशा आहेत. मांसात साधारण ८० टक्के पाणी असल्याने कोरड्या वजनावरचा आकडा सुमारे पाचपट मोठा दिसतो. ओहोटीला कालवे फोडून पोट भरणाऱ्या बायांपर्यंत निष्कर्ष पोहोचवायचा असेल, तर तो ओल्या वजनावरच सांगावा.