'व्हिक्टिम' पुन्हा पाहताना

बेसिल डिअर्डन यांचा १९६१ सालचा 'व्हिक्टिम' हा ब्रिटिश कृष्णधवल चित्रपट मी व्हिडिओ डिस्कवर पुन्हा पाहिला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक हेलावून गेलो. समलैंगिक संबंध हा गुन्हा असलेल्या काळात खंडणीखोरांच्या हाती सापडलेल्या बॅरेट या तरुणाने कोठडीत गळफास घेतल्यावर, त्याच्याशी जोडलेला नामांकित बॅरिस्टर मेल्विल फार स्वतःची कारकीर्द पणाला लावून त्या टोळीमागे लागतो, एवढेच कथानक आहे. पण पत्नी लॉराने खोदून खोदून विचारल्यावर 'मला तो हवा होता' अशी कबुली देणारा, फारच्या भूमिकेतील डर्क बोगार्ड यांचा चेहरा विसरता येत नाही. शेवटी मेल्विल फार खंडणीसाठी वापरलेले त्याचे आणि बॅरेटचे छायाचित्र शेकोटीत टाकतो, तो क्षणही तसाच. पोलीस तपासाचा भाग मात्र आज बराच साचेबद्ध वाटतो, आणि या पुरुषांची व्यक्तिरेखा मुख्यतः दुःखातूनच उभी राहते, ही त्रुटी मला खरोखर खटकते. तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ साली कायदा बदलण्यापूर्वी सहा वर्षे हा चित्रपट आला होता, आणि त्याच इंग्रजी अमलातून आलेले भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ आपल्याकडे २०१८ पर्यंत प्रौढांच्या संमतीच्या संबंधांनाही लागू होते, हे ध्यानात ठेवून तो अवश्य पाहावा.