सीईए की सायफ्रा २१-१? फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर

दोन्ही रक्तातल्याच चाचण्या, पण त्या वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. सीईए जुनी, हे प्रथिन 1965 मध्ये आतड्याच्या कर्करोगात सापडलं. फुप्फुसात ते मुख्यतः ग्रंथींच्या पेशींतून होणाऱ्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात वाढतं. सायफ्रा म्हणजे सायटोकेराटिन 19 या प्रथिनाचे तुकडे, आणि त्याचा कल चपट्या पेशींतून होणाऱ्या स्क्वॅमस प्रकाराकडे. त्यामुळे कर्करोग कोणत्या प्रकारचा हे सांगणारा बायोप्सीचा अहवाल हातात नसताना 'यातली चांगली कोणती?' असं विचारणं मला तरी निरर्थक वाटतं.

भविष्याच्या अंदाजासाठी सीईएचा आलेख बोलका. शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेला आकडा नंतर खाली आला, तर ते चांगलं लक्षण. चढाच राहिला, तर आजार परतण्याची शक्यता जास्त. मात्र तो रक्तातून हळूहळू, काही दिवसांनी ओसरतो, म्हणून चौथ्या दिवशीच्या अहवालाने घाबरू नये. सायफ्रा काही तासांतच उतरू लागतो.

खोटी भीती दोन्ही घालतात. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए मुळातच थोडा जास्त असतो. यकृताच्या आजारातही वाढतो. सायफ्रा मूत्रपिंड बिघडल्यावर चढतो, आणि नमुन्यात लाळेचा अंश गेला तरीसुद्धा! मोजण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलतो, म्हणून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासा.

निवडायचंच तर शस्त्रक्रियेपूर्वी जो वाढलेला होता, तोच बघावा. सीटी स्कॅनची जागा मात्र दोघांपैकी कुणीच घेत नाही.