पारदर्शक दातेपट्टी, जलचिन्हाचं द्रावण आणि वॉशिंग्टनचे सातशे चेहरे : आठ महिन्यांनंतर

इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, एका छोट्या क्लबच्या लिलावात मी सिगारच्या खोक्यात कोंबलेली सातशेएक जुनी अमेरिकन टपाल तिकिटं चाळीस डॉलरला घेतली. जवळजवळ सगळी वॉशिंग्टन-फ्रँकलिन मालिकेतली, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन नाहीतर बेंजामिन फ्रँकलिन यांचा चेहरा असलेली, १९०८ ते १९२२ या काळातली. बायकोने खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाली, ‘एकाच माणसाचं तोंड सातशे वेळा विकत आणलंस?’ तिचं फारसं चुकलं नव्हतं.

गंमत अशी की तोंड एकच असलं तरी तिकीट एक नसतं. कडेचे दाते १२ आहेत, १० आहेत की ११. कागदात जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली आणि एरवी न दिसणारी खूण, आहे का. छपाई सपाट प्लेटची, रोटरीची की ऑफसेटची, यावरून एकाच हिरव्या एक सेंटचे ढीगभर प्रकार होतात. काही पैशाला पासरी, काही हजारो डॉलरचे. म्हणून त्याच आठवड्यात तीन वस्तू मागवल्या: पारदर्शक प्लास्टिकची दातेपट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि जलचिन्ह पाहायचं द्रावण, सोबत काळी बशी. रोज जेवणं उरकली की तासभर टेबलावर हा पसारा, असे आठ महिने गेले.

आधी दातेपट्टी. माझी पहिली पट्टी पुठ्ठ्याची होती. महिन्याभरात तिच्यावरची छपाई बोटाला लागायला लागली, तेव्हा ती फेकली. पारदर्शक पट्टीवर तिरक्या जाणाऱ्या रेषा असतात. तिकीट खाली ठेवून पट्टी वर सरकवत न्यायची, प्रत्येक दात रेषेवर बसला की बाजूचा आकडा वाचायचा. आकडा म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं, एवढंच. १२ दात्यांचे ताव हाताळताना आपोआप फाटत, म्हणून १९१४ मध्ये १० केले. ते फाटता फाटेनात, म्हणून १९१७ मध्ये मधला ११ धरला. हे कळल्यावर निम्मं खोकं दोन रविवारांत कालक्रमाने लागलं.

याच पट्टीने मला तोंडावर पाडलं, तेही सांगतो. एक हिरवं एक सेंट, शिक्का मारलेलं, शेजारच्या तिकिटांपेक्षा केसभर उंच वाटलं. रोटरीची प्लेट वाकवून सिलिंडरवर बसवतात, त्यामुळे चित्र एका दिशेला किंचित ताणलं जातं. ते पाहायची युक्ती फुकटातली आहे: सपाट प्लेटचं एखादं टाकाऊ तिकीट घ्यायचं, त्याचे चारही कोपरे तिरके कापायचे आणि संशयित तिकिटावर ठेवायचं. खालच्या तिकिटाच्या चौकटीची रेघ वरच्याच्या बाहेर डोकावली, की ते रोटरीचं. माझी रेघ डोकावली. उभ्या कडेचे दाते मोजले, ११. उंच चित्र आणि ११ दाते म्हणजे स्कॉट या अमेरिकन तिकीट-सूचीतला क्रमांक ५४४, १९२२ चं, भल्याभल्यांच्या अल्बममध्ये नसलेलं. रात्री साडेअकराला भावाला सांगलीला फोन केला. त्याच्याकडे सकाळ होती, तो दूध तापवत होता.

दुसऱ्या दिवशी शांतपणे आडवी कड मोजली. १०. आडवे १०, उभे ११ म्हणजे क्रमांक ५४२, १९२० चं, कुठेही सहज मिळणारं. चूक पट्टीची नव्हती, माझ्या घाईची होती. दोन्ही कडा मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे तेव्हापासून ठरवलं. भाऊ अजून विचारतो, ‘घर कधी घेतोयस?’

द्रावणाबद्दल माझं मत संमिश्र आहे. तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवायचं, चार थेंब टाकायचे, आणि क्षणभर कागदात गडद खुणा उमटतात. १९१० पर्यंतच्या कागदात ‘यूएसपीएस’ ही अक्षरं दुहेरी रेषेत, नंतर १९१६ पर्यंत एकेरी रेषेत, मग काहीच नाही. पण अक्षरं तावभर पसरलेली, त्यामुळे एका तिकिटाच्या वाट्याला एखाद्या ‘एस’चं वळण येतं, कधी तेही नाही. दुहेरी रेष बहुतेक वेळा दिसली. एकेरीसाठी बशी तिरकी धरून, दिवा हलवून, तेच तिकीट तीन-तीनदा भिजवावं लागलं. सहा सेंटचं नारिंगी आणि दहा सेंटचं पिवळट फ्रँकलिन यांनी तर अंतच पाहिला. हे द्रावण भुर्रकन उडून जातं आणि पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी हवी आणि शेगडीपासून लांब. जानेवारीत इथे खिडकी उघडी ठेवून बसणं म्हणजे काय, ते इथल्यांना विचारा.

भिंग ठीक आहे, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऑफसेट ओळखायला तर मला त्याहून जास्त उपयोग स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा झाला. पहिल्या महायुद्धात ऑफसेटवर छापलेली तीन सेंटची जांभळी खोक्यात खूप होती. १९१७ च्या नोव्हेंबरपासून १९१९ च्या जूनपर्यंत पत्राचा दरच तीन सेंट होता. तिकिटावर फॉइलचा तुकडा ठेवून बोटाने हलकं घासायचं. कोरीव छपाईची, म्हणजे सपाट प्लेटची किंवा रोटरीची, शाई कागदावर उंच राहते, तिचे उंचवटे फॉइलवर उमटतात. ऑफसेटवर फॉइल सपाट राहतं. कोऱ्या, डिंक शाबूत असलेल्या तिकिटावर मात्र हे करू नका.

सध्या घरात चर्चा एकाच तिकिटाची आहे. लाल दोन सेंट, किंमत आकड्यात नाही तर शब्दांत, म्हणजे १९०८ चं चित्र, दुहेरी जलचिन्ह आणि चारही कडा ११. हे जुळतं क्रमांक ५१९ शी. न्यूयॉर्कच्या पोस्टातून परत आलेल्या जुन्या, दाते नसलेल्या तावांना १९१७ मध्ये ११ ची छिद्रं पाडून विकलं होतं, ते हे. पण बिनदात्यांचं तेच तिकीट स्वस्तात मिळतं आणि घरबसल्या त्याला दाते पाडणारे महाभागही कमी नाहीत. भिंगाखाली माझ्या तिकिटाची छिद्रं मला जरा जास्तच गोल आणि स्वच्छ वाटतात. पेनसिल्व्हेनियातल्या बेलफॉन्टला, अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीकडे तपासणीला पाठवलंय. या वेळी भावाला फोन केलेला नाही.